जिनिव्हा, दिल्ली की आधी थीसिस? (एमपीएच, म्हणजे सार्वजनिक आरोग्यातलं मास्टर्स, दुसरं वर्ष, पुणे)

शिरूरची पोर

नमस्कार. वर्षभर इथे नुसतं वाचत आलेय, आज पहिल्यांदा लिहितेय. लांबलंय, सांभाळून घ्या.

माझं बी.एस्सी. नर्सिंग झालंय. मग दोन वर्षं तीन महिने आंबेगाव तालुक्यात, डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला, एका उपकेंद्रावर सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) होते. आता पुण्यात एमपीएचच्या दुसऱ्या वर्षाला आहे. नारायण पेठेत कॉट बेसिसवर राहते, एका खोलीत चौघी. वडील रांजणगाव एमआयडीसीत कामाला, शेती पावणेदोन एकर. हे मुद्दाम सांगतेय, म्हणजे 'सुरुवातीला घरून थोडे घे' असा सल्ला कोणी देणार नाही.

आमच्या वर्गात सध्या एकच वारं आहे, ग्लोबल हेल्थ. कोणी डब्ल्यूएचओच्या इंटर्नशिपला अर्ज करतंय, कोणी युनिसेफच्या, कोणी चेव्हनिंग या ब्रिटनच्या शिष्यवृत्तीच्या मागे आहे. डब्ल्यूएचओचं मुख्यालय जिनिव्हात, म्हणून डबा खाताना जिनिव्हाच्या ट्रामच्या गप्पा. यातलं अजून कोणी गेलेलं नाही, पण माहिती सगळ्यांना सगळी आहे. मी विचारलं की 'अगं तुला नर्सिंगवर अवघड जाईल' असं तोंडावर येतं. एमबीबीएसवाल्यांना पहिली पसंती असते म्हणे. खरंच असं असतं का?

माझी थीसिस बीपीच्या रुग्णांवर आहे. आमच्या पट्ट्यातली माणसं भातकापणी उरकली की मजुरीला नारायणगावला जातात. पहाटे अड्ड्यावर उभी राहतात, कधी रोज ये-जा, कधी महिना महिना तिकडेच. गोळ्या मात्र उपकेंद्रात मिळतात, त्याही महिन्याच्या. मी तिथे असताना माझ्या रजिस्टरला बीपीचे 57 जण होते. दिवाळीनंतर त्यातले निम्मेसुद्धा वेळेवर यायचे नाहीत. पोर्टलवर त्यांच्यापुढे 'उपचार सोडले' असं पडायचं. सोडले कसले, ती माणसं टोमॅटो तोडत होती.

तर प्रश्न असे. इंटर्नशिपला शिकत असतानाच अर्ज करायचा की डिग्री हातात आल्यावर? थीसिस अर्धी टाकून सहा महिने जावं का? आणि तिसरं, डेक्कनवरची एक एजन्सी आठ आठवड्यांची ऑनलाइन 'इंटरनॅशनल ग्लोबल हेल्थ फेलोशिप' देते, 18,500 रुपये. सर्टिफिकेटवर यूएनच्या चिन्हासारखा पृथ्वीचा गोळा आणि ऑलिव्हची पानं आहेत. वर्गातल्या दोघींनी भरलेत. मीही भिशीतून उचलायच्या बेतात आहे. भरू का?

बी-टू पास

नर्सिंग झालंय ना तुमचं? मग कसली फेलोशिप आणि कसला ऑलिव्ह. जर्मन शिका, बी-टू पातळीची परीक्षा पास करा, सरळ नोकरी. मी तेच केलं.

रास्ता पेठ

पहिलं भिशीचं. भरू नकोस. यूएनची कुठलीही संस्था अर्जाला, मुलाखतीला, ट्रेनिंगला, कशालाच एक रुपया घेत नाही, आणि हे त्या स्वतःच त्यांच्या नोकरीच्या पानावर लिहितात. फेलोशिप म्हणजे पैसा तुझ्याकडे यायला हवा. तुझ्याकडून जातो त्याला क्लास म्हणतात. क्लास वाईट नसतो, पण मग निदान बायोस्टॅट्सचा तरी लाव.

आता मूळ मुद्दा. तुमच्या डब्याच्या वेळच्या गप्पांत चार वेगळ्या गोष्टींची मिसळ झालेली दिसतेय. स्कॉलरशिप शिकायला मिळते. इंटर्नशिप म्हणजे थोड्या आठवड्यांची उमेदवारी. फेलोशिपमध्ये साधारण वर्ष-दोन वर्षं मानधन घेऊन एखादं काम तडीला न्यायचं असतं. चौथा प्रकार कन्सल्टंट, म्हणजे ठरावीक मुदतीच्या कराराचं काम, नाव फक्त भारदस्त. चेव्हनिंग पहिल्यातलं, डब्ल्यूएचओची इंटर्नशिप दुसऱ्यातली. दोन्हींना एकच निबंध पाठवणारी मुलं मी पाहिलीत.

डब्ल्यूएचओचं सांगते. वय किमान 20. विद्यापीठात तीन वर्षं पूर्णवेळ शिक्षण झालेलं हवं. अर्ज करताना तू शिकत असावीस, आणि डिग्री झालेली असेल तर झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत रुजू व्हायला हवं. हे शेवटचं वाक्य कागदावर लिहून त्या खोलीत भिंतीला चिकटव. 'आधी सगळं संपवते, वर्षभर अनुभव घेते, मग बघते' म्हणणाऱ्यांचं दार इथेच बंद होतं. मुदत किमान 6 आठवडे, जास्तीत जास्त 24. म्हणजे थीसिस सोडायची गरजच नाही. ती जमा कर, तोंडी परीक्षा आणि निकालाच्या मधली फट बघ, त्या फटीत 12 आठवडे बसव.

पैसे. 2020 पासून डब्ल्यूएचओ इंटर्नना राहण्या-खाण्यासाठी भत्ता देते. त्याआधी देत नव्हती, त्यामुळे कोण जात असेल याचा अंदाज तूच कर. 2018 च्या जागतिक आरोग्य सभेत देशांनी ठराव केला की 2022 पर्यंत निवडलेल्या इंटर्नपैकी किमान निम्मे अल्पविकसित आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतले असावेत. आपण त्यात येतो. तरी विमानाचं तिकीट आणि व्हिसा भत्त्यात निघेल असं धरून चालू नकोस. म्हणून माझं मत दिल्ली. दक्षिण-पूर्व आशियाचं प्रादेशिक कार्यालय तिथेच आहे. रेल्वेत बसलीस की पोचलीस, व्हिसा नाही, थंडीचा कोट मैत्रिणीचा चालतो.

मी स्वतः 2013 मध्ये दिल्लीत एका आंतरराष्ट्रीय संस्थेत चार महिने बिनपगारी काढलेत. कोणती ते नको. लाजपतनगरला पीजी, पैसे मामाचे. पहिले सहा आठवडे मी काय केलं माहितीये? वेगवेगळ्या देशांतून आलेल्या एक्सेल फायलींतल्या तारखा सरळ केल्या. कोणी दिवस आधी लिहिलेला, कोणी महिना आधी. रडायला यायचं. पण एक गोष्ट शिकले. चाळीस पानांचा अहवाल एका पानात कसा आणायचा. वरचा साहेब पहिलं पानच वाचतो, दुसऱ्या पानावरचं मंत्रालयापर्यंत जात नाही. त्या एका पानावर मी आजपर्यंत पोट भरतेय.

नर्सिंगबद्दल. तुला अवघड जाईल म्हणणाऱ्या मुलीनं बीपी किती जणांचं मोजलंय ते विचार. तुझा विषय डब्ल्यूएचओच्या टेबलावरचाच आहे. इंडिया हायपरटेन्शन कंट्रोल इनिशिएटिव्ह हा बीपी आटोक्यात आणायचा कार्यक्रम बघ. आरोग्य मंत्रालय, आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद), राज्य सरकारं, डब्ल्यूएचओचं भारत कार्यालय आणि रिझॉल्व्ह टू सेव्ह लाइव्ह्ज ही संस्था असे सगळे त्यात आहेत, आणि ज्या पाच राज्यांत ते सुरू झालं त्यांत महाराष्ट्र होता. रुग्ण वेळेवर परत आला की नाही, हाही तिथला एक कळीचा आकडा. तुझे 57 जण त्या आकड्यातून निसटतात कसे, ते तुला ठाऊक आहे. अर्जात ते लिही. ट्राम नको.

कोरडा आकडा

ताईंचं बरोबर आहे, पण एक गोष्ट त्यांनी सांगितली नाही. सध्या या क्षेत्रातली विहीर आटलीय.

अमेरिकेनं जानेवारी 2025 मध्ये डब्ल्यूएचओतून बाहेर पडायचं जाहीर केलं. यूएसएड या अमेरिकेच्या परदेशी मदत संस्थेचं काम 1 जुलै 2025 ला अधिकृतपणे संपलं. मे 2025 मध्ये डब्ल्यूएचओचं 2026-27 चं अंदाजपत्रक 4.2 अब्ज डॉलरवर आणलं गेलं, मुळात मांडलेलं होतं त्यापेक्षा 21 टक्क्यांनी कमी. तिथली कायमची माणसं खुर्च्या वाचवताहेत. अशा वेळी इंटर्नकडे लक्ष द्यायला कोणाला सवड असणार? मी भोसरीच्या बाजूला एका प्रकल्पात डेटा मॅनेजर होतो. परदेशातला निधी एका शुक्रवारी थांबला, सोमवारी आम्ही लॅपटॉप जमा केले. बावीस जण. फील्डवरच्या बायकांना तर फोनवर कळलं.

म्हणून कुठल्याही फेलोशिपला अर्ज करण्याआधी एकच विचारायचं. पैसे कोणाचे, आणि ते किती वर्षांचे मंजूर आहेत? मुलाखतीत विचारायला लाजू नका. चांगली माणसं सरळ उत्तर देतात.

परदेशी पैसा जातो हे पुण्याला नवीन नाही. आपली एनआयव्ही, म्हणजे राष्ट्रीय विषाणू संस्था, 1952 मध्ये रॉकफेलर फाउंडेशन आणि आयसीएमआर यांनी मिळून उभी केली. रॉकफेलर 1967 मध्ये बाजूला झालं, पुढचा सगळा खर्च आयसीएमआरनं उचलला. आंबेडकर रस्त्यावरून जाताना बघा, संस्था तिथेच आहे. मागे उचलणारं कोणी होतं म्हणून उरली. आमच्या मागे नव्हतं.

अजून एक गंमत सांगतो. तुम्ही जिनिव्हाकडे तोंड करून बसलात, आणि तिकडची मुलं संशोधनासाठी इकडे येतात. बी. जे. मेडिकल आणि जॉन्स हॉपकिन्स यांचं संशोधन केंद्र ससूनच्या आवारात आहे, टीबी-एचआयव्हीवर काम चालतं. अमेरिकेच्या फोगार्टी केंद्राच्या फेलोशिपवर आलेली माणसं तिथे वर्ष वर्ष राहून गेलीत. तिथल्या जर्नल क्लबला, म्हणजे शोधनिबंध मिळून वाचतात तिथे, बसता येतं का ते विचारून बघा. त्याला पासपोर्ट लागत नाही.

तुमच्या कामाला माझ्या मते सगळ्यात फिट काय, तर सॉर्ट-इट. टीडीआर, म्हणजे उष्णकटिबंधीय आजारांच्या संशोधनाचा जो विशेष कार्यक्रम 1975 पासून डब्ल्यूएचओत आहे, तो हे चालवतो. सुरुवात एमएसएफ (डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स) आणि टीबीवर काम करणारी द युनियन यांनी केली होती. आरोग्य यंत्रणेत काम करणाऱ्यांनी आपल्याच रजिस्टरांतून संशोधन करायचं. आधी प्रोटोकॉल, मग डेटा, मग पेपर. ठरल्या तारखेला टप्पा दिला नाही की नाव कट, रडारड चालत नाही. भारतात टीबीवाल्यांनी याचे बरेच कोर्स केलेत. निघाला तर सोडू नका.

शिरूरची पोर

दोघांचेही खूप आभार. 18,500 वाचले. त्या दोघींना सांगितलं, त्यातली एक माझ्याशी बोलत नाहीये.

दिल्लीच्या इंटर्नशिपसाठी पत्र लिहायला घेतलंय. इंग्रजीत आहे, पण सुरुवात इथे मराठीत सांगते: 'भारतासारख्या विकसनशील देशात असंसर्गजन्य आजारांचं ओझं झपाट्यानं वाढत आहे. लहानपणापासूनच मला समाजसेवेची आवड आहे. जागतिक आरोग्याच्या क्षेत्रात अर्थपूर्ण योगदान देण्याची माझी तळमळ आहे.' कसं वाटतंय? गाइड म्हणाले ठीक आहे.

रास्ता पेठ

गाइडनी वाचलं नसणार.

राग मानू नकोस. पण ही तीन वाक्यं पुसून खाली माझं नाव घातलं तरी चालेल, माझ्या नवऱ्याचं घातलं तरी चालेल, आणि तो तर बँकेत आहे. ओझं वाढतंय हे त्यांनाच सांगतेस? तो आकडा त्यांनीच काढलाय. तळमळ हा शब्द मी तीन वर्षं अर्ज चाळताना इतक्यांदा वाचला की आता पोटात तळमळतं.

तू शिरूरची ना? कुठल्या बाजूची? वढूच्या जवळपासची असशील तर एक विचारायचंय.

शिरूरची पोर

हो ताई! वढू बुद्रुकच्या जवळचंच गाव. तुम्हाला कसं कळलं?

रास्ता पेठ

कळलं नाही, हावरटपणे विचारलं. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राचा वढूचा आरोग्य कार्यक्रम आहे ना, शिरूर-हवेलीतल्या 22 गावांची 2002 पासून नोंद ठेवणारा. घरोघर जाऊन कोण जन्मलं, कोण गेलं, कोण बाहेरगावी राहायला गेलं ते विचारतात. त्या 22 गावांत तुझं गाव आहे का? तुमच्याकडे सर्व्हेच्या बायका यायच्या का?

शिरूरची पोर

ताई, तुमचा हा प्रश्न काल रात्री वाचला आणि झोपच लागली नाही. आज सकाळी आईला फोन केला.

यायच्या. दर सहा महिन्यांनी. आम्ही त्यांना 'मोजणीच्या ताई' म्हणायचो. मला वाटायचं सगळ्याच गावांत येत असतील, जसा पोस्टमन येतो. वर्गात एचडीएसएस, म्हणजे गावांची अशीच सततची नोंद, शिकवलं, परीक्षेत पाच मार्कांची टीपही लिहिली, पण त्या यादीत मीच एक ओळ आहे हे डोक्यातच आलं नाही. मी नर्सिंगला हॉस्टेलवर गेले तेव्हा आईनं त्यांना सांगितलं असणार, 'पोरगी पुण्याला गेली.' म्हणजे मी कुठेतरी 'स्थलांतर' अशी पडले असेन. जशी माझी 57 माणसं 'उपचार सोडले'मध्ये पडली.

आजी गेली तेव्हा मी नववीत होते. दहावं-तेरावं उरकल्यावर काही दिवसांनी त्यातल्या एक ताई आल्या. आईला म्हणाल्या, थोडं विचारायचंय, बोलवत नसेल तर परत येते. आईनं चहा टाकला. मग त्या विचारत बसल्या. ताप होता का, किती दिवस, खोकला होता का, धाप चालताना लागायची की झोपल्यावरही, पायाला सूज होती का, लघवी कमी झाली होती का, शेवटी डॉक्टरकडे कधी नेलं, का नेलं नाही. तासभर लागला. आई मध्येच रडली, त्यांनी पेन खाली ठेवलं, मग परत उचललं. मी दाराशी बसून ऐकत होते. मला त्यांचा रागच आला होता. मेलेल्या माणसाची लघवी कशाला विचारता?

याला व्हर्बल ऑटोप्सी म्हणतात आणि डब्ल्यूएचओनं त्याची प्रमाण प्रश्नावली केलीय, हे मला गेल्या वर्षी कळलं. घरी मरण आलं, डॉक्टरनं कारण लिहिलं नाही, तर नातेवाइकांना विचारून कारण शोधायचं. वर्गात मॅडम प्रश्न वाचत होत्या आणि मला एकेक प्रश्न पाठ होता. कसा काय ते तेव्हा कळलं नाही.

आज आईला विचारलं, तू त्यांना काही विचारलं होतंस का? ती म्हणाली, 'हो, इचारलं, हे लिहून घेऊन काय करणार? त्या म्हणल्या, पुढच्यांना उपयोग व्हईल.' मग आई मला म्हणाली, 'झाला का गं?'

मला उत्तर देता आलं नाही. अर्जात हे लिहावं का?

रास्ता पेठ

लिही. सगळं नको. दारात बसलेली मुलगी, प्रश्नावली, आणि आईचं ते शेवटचं. चार ओळी. त्याखाली लगेच 57 जण. आणि मग सांग, घेतलेली माहिती लोकांपर्यंत परत कशी न्यायची ते तुला शिकायचंय. दिल्लीत कोणत्या विभागात ते शिकायला मिळेल तेही शोधून लिही, 'कुठेही चालेल' लिहू नकोस.

मोजणीच्या ताई, काय नाव ठेवलंत.

कोरडा आकडा

माझा याला विरोध आहे, आणि तो भावना दुखावायला नाही. आजीचं मरण अर्जात घालू नका. वाचणारा माणूस एका दुपारी शंभरेक अर्ज चाळतो, त्यातल्या तीसेक अर्जांत कोणाची ना कोणाची आजी मरते. त्याला हवं ते वेगळं. आर किंवा स्टाटा ही आकडेवारीची सॉफ्टवेअरं येतात का? रेडकॅपवर माहिती गोळा करायचा फॉर्म बनवलाय का? 12 आठवड्यांत तुम्ही त्याचं कोणतं काम संपवून द्याल? तुमची खरी ताकद ही की व्हर्बल ऑटोप्सी तुम्ही दोन्ही बाजूंनी पाहिलीय. एका ओळीत होतं ते. 'माझ्या घरात ही मुलाखत झालेली आहे.' बस.

आईचा प्रश्न थीसिसच्या प्रस्तावनेत घ्या. तिथे जागा आहे, आणि तिथे तो कायमचा राहील.

रास्ता पेठ

तुमची ती एक ओळ माझ्या चार ओळींपेक्षा बरी आहे, हे मान्य करायला मला जड जातंय. करते. पण आईचं वाक्य अर्जातही हवंच. प्रस्तावना वाचतो कोण? परीक्षकसुद्धा संदर्भसूचीत स्वतःचं नाव शोधतात.

मुंढव्याचा डॉक्टर

धागा छान चाललाय, मध्येच घुसतो. मी स्कॉलरशिपवर बाहेर मास्टर्स करून आलोय, तेवढं सांगून जातो.

तुमचं एमपीएच होतंच आहे, तेव्हा लगेच दुसऱ्या मास्टर्सच्या मागे लागू नका. तरी हातात असू द्या. चेव्हनिंगला 2,800 तासांचा अनुभव लागतो, म्हणजे साधारण दोन वर्षं. सीएचओचा तुमचा काळ त्यात बसेल, पण रुजू झाल्याचं आणि कार्यमुक्तीचं पत्र तालुका आरोग्य अधिकाऱ्यांच्या सहीनं आत्ताच घ्या. साहेबांची बदली झाली की जुन्या सहीच्या मागे फिरण्यात उन्हाळा जातो, माझा गेला. शिवाय नंतर दोन वर्षं मायदेशी परतावं लागतं. फुलब्राइट-नेहरू मास्टर्समध्ये सार्वजनिक आरोग्य हा विषय आहे, पण अनुभव तीन वर्षांचा. नोकरी न सोडता शिकायचं असेल तर कॉमनवेल्थची दूरशिक्षण शिष्यवृत्ती बघा. युरोपात इरॅस्मस मुंडस. टीडीआरची इम्प्लिमेंटेशन रिसर्चमधली (योजना प्रत्यक्षात कशा राबतात त्याचं संशोधन) मास्टर्सची शिष्यवृत्तीही आहे, ढाक्याच्या ब्रॅक विद्यापीठात किंवा इंडोनेशियातल्या गाजा मादा विद्यापीठात. ढाका ऐकून नाक मुरडू नका. अतिसारावरची जलसंजीवनी ज्या गावांत आयांना घरोघर जाऊन शिकवली गेली, ती गावं बांगलादेशातलीच.

आता खरं महत्त्वाचं, जे कोणी सांगत नाही. नावं जुळवा. आपल्याकडे गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं, कोपऱ्यात आईचं. पासपोर्टवर वेगळा क्रम. आधारवर तिसराच. बाहेरच्या माणसाला हे तिघं वेगळे लोक वाटतात. मी माझं आडनाव म्हणजे माझं नाव नाही, हे तीन ईमेलांत समजावलं. शेवटी प्रतिज्ञापत्र जोडलं. तुमचं नर्सिंग नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाचं असेल, तर ट्रान्सक्रिप्टचा अर्ज आजच टाका. गरज पडेल तेव्हा नको, आजच.

शिरूरची पोर

सगळ्यांना एकत्रच लिहिते.

ट्रान्सक्रिप्टचा अर्ज टाकला. नावांचं तपासलं. पासपोर्ट नाहीच आहे, त्यामुळे एक भानगड कमी. आधारवर मात्र वडिलांच्या नावात एक काना जास्त आहे, उद्या केंद्रावर जाते.

गाइडना सांगितलं की थीसिस एप्रिलअखेर जमा करते आणि मग दिल्लीसाठी 12 आठवडे मोकळे ठेवते. ते म्हणाले, आधी डेटा दाखव. 57 पैकी 38 जण सापडलेत. दोघं वारले. त्या दोघांच्या घरी जायचं आहे आणि मला काय विचारायचं ते माहीत आहे, पण कसं बसायचं ते ठरत नाहीये. चहा घ्यायचा की नाही, इथपासून. मोजणीच्या त्या ताई आता रिटायर झाल्यात, सणसवाडीत मुलीकडे असतात, असं आई म्हणाली. रविवारी त्यांच्याकडे जाणार आहे.

पत्रात कोरडा आकडा दादांची एक ओळ घेतली आणि आईचं वाक्यही ठेवलं. दोघांपैकी कोणी भांडू नका. स्टाटा येत नाही, आर थोडं येतं, तसंच लिहिलंय. विभागाचं नावही शोधून घातलंय.

अर्ज काल रात्री दोन वाजता गेला, खोलीतल्या तिघी झोपल्या होत्या. 'आपला अर्ज मिळाला' एवढीच मेल आलीय. अशी मेल सगळ्यांनाच येते ना?

रास्ता पेठ

सगळ्यांना येते. पुढची आली नाही तरी सप्टेंबरात परत टाक. आणि चहा घे. नाही म्हटलंस तर त्या घरात कोणी तुझ्याशी बोलणार नाही.

बी-टू पास

आणि सप्टेंबरातही नाही झालं, तर बी-टूच्या क्लासचा नंबर देतो. फी दोन हप्त्यांत. सर्टिफिकेटवर पृथ्वीचा गोळा नाही, आधीच सांगतो.